न काढलेलं तिकीट म्हणजे आमचा पगार

गेल्या महिन्यात चळवळीतला एक पोरगा मला म्हणाला, "दादा, तुमचं बरंय. रोज नवी गाडी. रोज नवा रस्ता. डोक्यावर साहेब नाही, भिंतीवर घड्याळ नाही. मस्त लाईफ."

पोरगा चांगला आहे. शिकलेला आहे. माझ्यावर जीव आहे त्याचा. मी हसलो, त्याचा चहा प्यालो आणि घरी आलो. पण रात्रभर डोळा लागला नाही. म्हणून लिहितोय. हे त्याला उत्तर आहे, आणि त्याच्यासारख्या तुम्हा सगळ्यांना. राग आला तर येऊ द्या.

माझा धंदा आधी समजून घ्या. पिंपरी-चिंचवड, चाकणच्या पट्ट्यात गाड्या बनतात. ट्रक, टेम्पो, बसच्या चेसिस. काही गाड्या ट्रेलरवर चढून जातात, बाकीच्या स्वतःच्या चाकांवर. चाकांवर जायचं म्हणजे कुणीतरी चालवत न्यायला पाहिजे. तो कुणीतरी मी. राहायला सांगलीत, कामाला गेटवर. गेटवर नंबर लागला की गाडी ताब्यात घ्यायची, कागद घ्यायचे, टेम्पररी नंबर चिकटवायचा आणि कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, कधी पार केरळात, डीलरच्या नाहीतर बॉडी बांधणाऱ्याच्या दारात नेऊन उभी करायची. ओरखडा पडता कामा नये. गाडीचा नंबर टेम्पररी, आणि ड्रायव्हर गाडीपेक्षा टेम्पररी.

बसची चेसिस कधी चालवलीत? केबिन नाही, दार नाही, टप नाही. दोन लोखंडी पट्ट्या, इंजिन, स्टेअरिंग आणि बुडाखाली लाकडाचं खोकं. डोक्याला टॉवेल, डोळ्याला गॉगल. पाऊस आला तर पाऊस अंगावर, ऊन आलं तर ऊन अंगावर. पुढच्या ट्रकचा धूर सरळ छातीत. त्या चेसिसवर उद्या मऊ सीटांची बस उभी राहते. तिच्यात बसणाऱ्याला कधी वाटत नाही की हिला इथवर कुणी आणली.

पोचलो की डीलरचा माणूस गाडीभोवती फिरतो. आरसे मोजतो. स्टेपनी, जॅक, टूलकिट मोजतो. बोट फिरवून रंग बघतो. पोचेच्या कागदावर सही-शिक्का मारतो आणि म्हणतो, "जा."

जा. कशानं जा? सकाळी लाखो रुपयांची गाडी माझ्या हातात होती. दुपारी हातात एक पिशवी. तिच्यात लुंगी, टॉवेल, रिकामा डबा आणि पोच. ती पोच परत दिल्याशिवाय पुढचा नंबर नाही. मी हायवेच्या कडेला उभा राहतो आणि येणाऱ्या ट्रकला हात करतो. हातात गाडी द्यायची तेव्हा मी भरवशाचा ड्रायव्हर. गाडी हातातनं गेली की मी रस्त्यावरचा भिकारी. मधे फक्त एक शिक्का.

तुम्ही विचाराल, एसटी नाही का? रेल्वे नाही का? मिरज जंक्शन तर दाराशीच आहे. आहे ना. पण आता हिशोब ऐका.

आम्हाला पगार नसतो. खर्ची असते. एका ट्रिपची एक रक्कम, एकदाच हातात. डिझेल मोजून. बाकी सगळं त्या एका पाकिटात. जेवण त्यातच, रस्त्यातल्या चिरीमिरीचा भार त्यातच, टायर पंक्चर झाला तर तो त्यातच, परतीचं तिकीट त्यातच. आणि वर ट्रान्सपोर्टवाला हसून सांगतो, "उरंल त्ये तुझं."

उरंल त्ये तुझं! जसं काही तो मला नफा देतोय. एका जेवणावर दिवस काढला तर एका जेवणाचे पैसे उरतात. लॉजऐवजी पेट्रोलपंपाच्या फरशीवर झोपलं तर लॉजचे उरतात. हुबळीहून तिकीट काढलं नाही तर तिकिटाचे उरतात. तेच घरी येतात. त्यातनंच पोरीची फी, त्यातनंच आईचं औषध. माझा पगार म्हणजे मी न खाल्लेलं जेवण, न घेतलेली झोप आणि न काढलेलं तिकीट. मला कुणी पगार देत नाही. मी माझ्याच अंगातनं कापून तो स्वतःला देतो. ह्याला तुम्ही मस्त लाईफ म्हणता.

दोस्तांनो, शहरातली काही पोरं पाठीवर सॅक टाकून लिफ्ट मागत हिंडतात. त्यांना लोक भटके म्हणतात, कौतुक करतात. हिंडा की. पण त्यांच्या खिशात परतीचं तिकीट असतं, ते काढायचं नाही हे त्यांनी हौसेनं ठरवलेलं असतं. माझं तिकीट माझ्या पोरीच्या फीत गेलेलं असतं. त्यांचा हात आणि माझा हात हायवेवर सारखाच दिसतो. सारखा नाही.

मग लिफ्ट कोण देतं? कारवाला देत नाही. काच वर करतो. लिफ्ट देतो ट्रकवाला, ज्याच्या मालकानं त्याला बजावलेलं असतं की कुणाला बसवायचं नाही. तरी तो थांबतो, कारण कधीतरी तोही असाच उभा होता. पुढच्या धाब्यावर अर्धी भाकरी देतो. वडापवाला शेवटच्या फेरीला दांडीला लटकू देतो. त्या लोकांना माझा सलाम आहे. पण नीट बघा काय चाललंय. एक गरीब ड्रायव्हर दुसऱ्या गरीब ड्रायव्हरला उपकार म्हणून घरी सोडतो, आणि त्या उपकाराचा पैसा वाचतो कुणाचा? ज्यानं मला परत आणायला पाहिजे होतं त्याचा. आमची माणुसकी हा त्यांचा नफा आहे. गाडीच्या किमतीत रबर धरलं, लोखंड धरलं, जाहिरात धरली. मला परत आणायचा खर्च धरला नाही. तो आमच्या भाऊबंदकीच्या खात्यात टाकला.

आणि मेलो तर? नवीन गाडीला विमा असतो. पण रिकाम्या हातानं परत येताना मी ज्या ट्रकमध्ये बसतो तो मालाचा ट्रक. मालाच्या गाडीत फुकट बसलेला माणूस मेला तर त्या गाडीची विमा कंपनी भरपाईला बांधील नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2002 साली ठरवून टाकलं. 1994 च्या दुरुस्तीनं मालाच्या मालकाला, त्याच्या माणसाला विम्यात घेतलं. फुकट बसणारा बाहेर. कांद्याच्या पोत्याबरोबर पोत्याचा मालक असेल तर त्याला किंमत आहे. कांद्यावर बसून घरी निघालेल्या मला नाही. जाताना मी कामावर, येताना मी फुकट्या. माणूस तोच, रस्ता तोच, फक्त तोंड उलट्या दिशेला.

ऑगस्ट 2019 चा महापूर आठवतो? कृष्णा सांगलीत शिरली, पंचगंगेनं कोल्हापूरजवळ हायवे तोडला, ट्रकांच्या रांगा लागल्या. मी त्या रांगेत एक कोरी गाडी घेऊन उभा होतो. नदीकाठच्या आमच्या वस्तीत पाणी चढत होतं. फोनवर बायको रडत होती. आईला शेजाऱ्यांनी खांद्यावर बाहेर काढली. आणि मी? मी गाडी राखत होतो. गाडी सोडली असती तर नाव कायमचं कटलं असतं. गाडी कोरडी पोचवली. घरातलं सगळं गाळात गेलं. उभं राहिलेल्या दिवसांचे पैसे मागितले तर उत्तर आलं, "ट्रिप एकच झाली की."

आता ते सांगतो जे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

एकदा निपाणीच्या पुढं मला एका ट्रकनं घेतलं. ड्रायव्हर आमच्याच भागातला. दिलदार. तंबाखू दिली, गाणी लावली. कागलचा नाका गेल्यावर म्हणाला, "पाव्हणं, गाव कुठलं?"

"सांगली."

"आडनाव काय?"

तुम्हाला माहीत आहे हा प्रश्न. आपल्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. तो सहज येतो, चहाच्या कपासारखा. रात्रीचे साडेअकरा. बाहेर पाऊस. खिशात वाचवलेले पैसे. मी म्हणालो, "पाटील."

त्याला आनंद झाला. पुढचा सगळा रस्ता तो मोकळेपणानं बोलत होता. गावातल्या 'त्या' लोकांबद्दल. ते कसे माजलेत, कसे फुकटचं खातात, सरकारनं कसं त्यांना डोक्यावर बसवलंय. मी हं हं करत होतो. किणीच्या टोलनाक्यापुढं त्यानं फडकं सोडलं. त्याच्या आईनं दिलेली भाकरी, खर्डा. म्हणाला, "आपल्यातलंच हाय, खावा." मी खाल्ली. पाटील म्हणून खाल्ली. पेठ नाक्यावर उतरलो आणि पहाटेपर्यंत एकाही गाडीला हात केला नाही. चालत राहिलो. त्या रात्री मी तिकिटाचे पैसे वाचवले. त्यांच्या बदल्यात बापाचं नाव दिलं.

पुढं एकदा खरं आडनाव सांगितलं. त्या ड्रायव्हरनं शिवी दिली नाही, उतरवलं पण नाही. म्हणाला, "जरा मागं हौद्यात बसता का, किन्नरला झोपायचंय." किन्नर जागाच होता. खंबाटकीच्या बोगद्यातनं मी मोकळ्या हौद्यात, वाऱ्यात, ताडपत्री धरून पुण्याच्या अंगाला गेलो. सगळे तसे नसतात. मिरजेचा एक मुसलमान ड्रायव्हर मला किती वेळा घेऊन आला, त्यानं गाव विचारलं, आडनाव विचारलं नाही. पण लिफ्ट मागणाऱ्याला ड्रायव्हर निवडता येत नाही. जो तिकीट काढतो त्याला आडनाव विचारायचा हक्क कंडक्टरला नाही. तिकीट म्हणजे नुसता कागद नव्हे. तिकीट म्हणजे आडनाव न सांगता बसायचा हक्क. माझ्या खर्चीतनं जे कापलं गेलं ते भाडं नाही, तो हक्क आहे.

उंब्रजला हायवेवर उभं राहिलं की पूर्वेला मसूरचा फाटा लागतो. त्या फाट्यावर मी अनेकदा लिफ्टची वाट बघितलीय. आणि दर वेळी आठवण येते ती 1901 सालची. साताऱ्याहून रेल्वेनं निघालेली पोरं मसूर स्टेशनात उतरली. त्यांतला एक भिवा, वय नऊ-दहा. बाप दूर दुष्काळी कामावर नोकरीला, त्याला भेटायला चाललेली. चांगले कपडे होते, खिशात पैसे होते. जात कळली आणि एकही बैलगाडीवाला न्यायला तयार होईना. दुप्पट भाडं कबूल केलं तरी होईना. शेवटी तोड निघाली ती ही, की गाडी पोरांनी हाकायची आणि गाडीवाला बाजूनं चालणार. हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय.

आणि 1929. चाळीसगाव. आता ते बॅरिस्टर होते, सरकारी समितीचे सभासद होते. टांगेवाला टांगा द्यायला तयार, पण महाराला बसवून स्वतः हाकायला तयार नाही. म्हणून आपल्याच माणसानं हाकला, ज्यानं जन्मात टांगा हाकला नव्हता. पुलावर टांगा उलटला, बाबासाहेब दगडावर आपटले, पायाचं हाड मोडलं. त्याच 1929 साली आमच्या सांगलीत कृष्णेवर आयर्विन पूल झाला. सांगलीवाडीत कुणी सोडलं की मी त्या पुलावरनं रात्रीचा चालत घरी येतो, आणि तो दुसरा पूल डोक्यातनं जात नाही.

बघा, गाडी हाकायला त्यांची हरकत नव्हती. आपण हाकावी. आपण हाकतोच आहोत. प्रश्न हाकण्याचा नव्हता, शेजारी बसण्याचा होता. आज मला लाखो रुपयांची गाडी हाकायला देतात, कुणी आडनाव विचारत नाही, लायसन विचारतात. गाडी काढून घेतली आणि शेजारी बसायची वेळ आली की आडनाव येतं. सव्वाशे वर्षांत बैल गेले, डिझेल आलं. एवढाच फरक मानायचा का?

मग मालकाला जाब विचारू म्हणता? चला. मालक कोण? कारखाना म्हणतो, हा ट्रान्सपोर्टचा माणूस. ट्रान्सपोर्टवाला म्हणतो, हा सुटा ड्रायव्हर, ट्रिपपुरता. गेटवरचा मुकादम म्हणतो, मी नुसता नंबर लावतो. तिघांच्या मधे मी उभा, हातात पोच.

हे आजचं नाही. जमशेदपूरला टेल्कोच्या कारखान्यातनं चेसिस पोचवणारे ड्रायव्हर होते. टेल्को कॉन्व्हॉय ड्रायव्हर्स मजदूर संघ ही त्यांची संघटना. 1986 च्या ऑक्टोबरात त्यांनी लेखी मागणी केली, आम्हाला कायम करा, कायम कामगारांच्या सवलती द्या. काही जण तर कारखान्याच्या सुरुवातीपासून गाड्या पोचवत होते. कंपनी म्हणाली, हे आमचे कामगार नव्हेत. बिहार सरकारनं तो वाद न्यायाधिकरणाकडे पाठवायलाच नकार दिला. म्हणजे खटला नाही, पुरावा नाही, सरकारनंच परस्पर ठरवलं की ह्यांचा मालक कोण नाही. ड्रायव्हर दिल्लीपर्यंत लढले. 1989 साली सर्वोच्च न्यायालयानं बजावलं की वादाचा निकाल लावणं हे सरकारचं काम नाही, वाद न्यायाधिकरणाकडे पाठवा. एवढं मिळवायला, फक्त कुणीतरी आपलं ऐकून घ्यावं एवढ्याला, सर्वोच्च न्यायालय गाठावं लागलं.

कायदे तर आहेत. मोटार कामगारांसाठी 1961 चा कायदा होता, दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. तो आता 2020 च्या संहितेत गेला, आणि 21 नोव्हेंबर 2025 ला ती संहिता लागू झाली. 1 ऑक्टोबर 2025 नंतर बनलेल्या साडेतीन टनांवरच्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. चांगलं झालं. जाताना एसी, येताना कांद्याच्या पोत्यावर. कायद्यानं गाडीची केबिन बघितली. ड्रायव्हर उतरल्यावर कुठं जातो हे बघितलं नाही.

नाही म्हणायला एक खिडकी उघडलीय. एका साखर कारखान्याचा रखवालदार 2003 साली कामावर निघाला आणि वाटेत अपघातात मेला. विमा कंपनी म्हणाली, वाट म्हणजे काम नव्हे. बावीस वर्षांनी, जुलै 2025 मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की घर ते काम ही वाटही, कामाशी तिचा संबंध दिसत असेल तर, कामातच धरायची. मग हुबळी ते सांगली ही वाट कुणाच्या कामाची? मी हुबळीला हवा खायला गेलो होतो काय?

माझा बाप मार्केट यार्डात हळदीची पोती वाहायचा. सांगलीची हळद जगभर जाते, त्याच्या पाठीवरनं गेली. बापाचा मालक कोण होता? कुणीच नाही. आज हा अडत्या, उद्या तो. प्रत्येक जण म्हणायचा, हा माझा माणूस नव्हे. आजचा ट्रान्सपोर्टवाला बोलतो तेच. पण हमाल भांडले, आणि 1969 साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. त्या कायद्यानं मालक शोधत बसायचं सोडलं. मंडळ केलं. हमालाची नोंद मंडळात, अडत्याची नोंद मंडळात. जो पोतं उचलून घेईल त्यानं मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरायची. त्यातनं फंड, रजा, भरपाई. ज्याला मालक नव्हता त्या माझ्या बापाला म्हातारपणी फंड मिळाला. मला गाडी चालवता येते, लायसन आहे, तीन भाषा बोलतो, आणि बापाच्या एक पिढी मागं आहे.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. मला लिफ्ट नको. दया नको, धाब्यावरचं कौतुक नको. गेटमधनं बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाडीमागं लेव्ही पाहिजे, माथाडीसारखं मंडळ पाहिजे, आणि त्यात प्रत्येक पोचवणाऱ्या ड्रायव्हरची नोंद पाहिजे. परतीचं तिकीट मजुरीच्या पाकिटातनं बाहेर काढा, आधी तिकीट द्या, मग मजुरी बोला. काम संपतं ते शिक्का बसल्यावर नाही, घराचं दार वाजल्यावर. तोवरचे तास मोजा. तोवरचा विमा काढा. ट्रिपचा कागद माझ्या नावानं द्या, आडनावासकट. ते आडनाव मला एकदा तरी सरकारी कागदावर, हक्काच्या रकान्यात बघायचंय.

आणि आता तुम्ही. होय, तुम्ही, हा अंक वाचणारे. तुम्ही सरकारी नोकरीतल्या अनुशेषावर मोर्चे काढता. काढलेच पाहिजेत, मीही येतो. पण आपली किती पोरं आता अशा धंद्यात गेलीत, जिथं हजेरीपटच नाही, त्याचा हिशोब कुणी ठेवलाय? जिथं पटच नाही तिथं राखीव जागा कशात मागणार? तुमच्यातले जे वकील झालेत त्यांनी 2020 च्या त्या संहिता वाचून आम्हाला मराठीत सांगा, आमच्यासारख्याला त्यात कुठं जागा आहे आणि कुठं पळवाट. जे कॉलेजात आहेत त्यांनी एक रात्र कारखान्याच्या गेटवर या आणि नंबर लावून बसलेल्यांना त्यांची नावं विचारा, वहीत लिहा. दुसरं कुणी लिहिणार नाही. तीच आपल्या मंडळाची पहिली नोंदवही.

14 एप्रिलला तुम्ही ट्रक सजवता. वर बाबासाहेबांचा फोटो, निळे झेंडे, पुढं तुम्ही नाचता. तो ट्रक कधीतरी कोरा होता. कुणीतरी तो गेटवरनं आणून डीलरच्या दारात लावला, सही घेतली आणि पिशवी उचलून हायवेच्या कडेला जाऊन उभा राहिला.

तो अजून तिथंच उभा आहे. हात वर करून. त्याला बघून थांबू नका. त्याला तिकीट मिळवून द्या.